शेरा

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी
आम्हाला ब्रश दिले, दोन इंची, मऊ केसांचे,
आणि खोराटे मॅडम म्हणाल्या,
"वाचत बसायचं नाही. मोजायचं."

तक्त्यात रकाने सात.
रुमाल नंबर, कागद नंबर, लांबी, रुंदी,
कसर आहे की नाही, फाटलाय की नाही,
आणि शेवटचा, शेरा.
"तो मोकळा सोडला तरी चालतंय."

रुमाल म्हणजे खिशातला नव्हे.
लाल मांजरपाटाचं गठुळं, चार टोकांची गाठ.
गुंडूमामा ती सोडतात
शेतात भाकरी सोडावी तशी,
आधी मांडी घालून, मग इकडंतिकडं बघून.
आतून डांबरगोळ्यांचा वास
आणि त्याच्याही खालून
जुन्या पोत्यासारखा काहीतरी.

मोडीत आधी रेघ ओढतात, कागदाच्या कडेपर्यंत.
काय लिहायचं ते नंतर.
अक्षरं येतात आणि तिला लोंबकळतात
केएमटीत दांडीला लोंबकळावं तशी,
एकाचा पाय दुसऱ्याच्या पायावर.
ऱ्हस्व-दीर्घाचा जाच नाही.
मला हे फार आवडलं.

समोरच्या टेबलावर शबनम बारगीर.
एका हजेरीपटात तिला बारगीर सापडले, अकरा,
आणि पुढं लिहिलेलं, घोडी सरकारी.
"म्हणजे घोडं आमचं नव्हतंच होय!
आणि आजा मिशीला पीळ देऊन काय काय सांगायचा."
दिवसभर हसत होती.
संध्याकाळी भडंग खाताना म्हणाली,
"मी नाही सांगणार घरी."

ओल धरलेले कागद माझ्याकडं येतात.
मी कुरुंदवाडची.
महापूर ओसरल्यावर आम्ही सातबारा
आणि आईची दहावीची मार्कशीट
दोरीवर वाळत घातली होती, चिमटे लावून.
कागदाला कधी हात लावायचा नाही
हे मी विद्यापीठात शिकले नाही.

रुमाल बावीस, कागद एकशे सदतीस.
लांबी नऊ इंच. कसर आहे.
मोजून झालं होतं.
पंख्यानं पान हललं म्हणून हात ठेवला
तर बोटाखाली घा.
मग ग. मग री.
टिफिन तसाच राहिला.

"तुळसा कोम मानाजी तांबट, अर्ज करिते ऐसा जे,
लग्नकार्यास घागरी दाहा नेल्या.
माघारी नऊ आल्या.
येक घागर येणे.
तिजवर माझे नाव घातले आहे."

पुढचा कागद गवताच्या हिशोबाचा.
निकाल नाही.
रुमाल तेवीस पाहिला, चोवीस पाहिला,
जेवणाच्या सुट्टीत एकतीसपर्यंत गेले.
लगीन झालं, गवत आलं, हत्तीला गूळ गेला,
कुणाला पागोटं, कुणाला दंड सव्वा रुपया.
घागर कुठंच नाही.

आमच्या घरी एक पातेलं आहे, पुरातनं आलेलं.
पाणी उतरलं तेव्हा उंबऱ्याशी उपडं होतं.
काठावर ठिपक्याठिपक्यांनी, सौ. विमल,
पुढचं आडनाव चेपलंय.
आईनं दोन गल्ल्या विचारलं, मग पलीकडच्या गावात.
आता त्यात दूध तापतं.
पण ती अजून त्याला "विमलबाईंचं" म्हणते,
"विमलबाईंचं घे गं, मोठं आहे."

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्रं आली.
माझ्यावर सुप्रिया मगदूम.
मी सुप्रभा.
"साहेब रजेवर आहेत," क्लार्क म्हणाला,
"तशी काय फार चूक नाही."

मी परत टेबलाशी गेले.
तक्ता काढला, बावीस, एकशे सदतीस,
आणि शेऱ्यात लिहिलं,
एक घागर येणे.

खोराटे मॅडमनी चष्मा वर केला.
"हे काय?"
"बाकी आहे, मॅडम."
त्या कागदाकडं बघत राहिल्या.
बाहेर गुंडूमामा सायकलला हवा भरत होते.
मग त्यांनी पेन मागितलं माझ्याकडंच,
खाली सही केली
आणि तारीख घातली, एकोणीस जून.